‘ऑनेस्ट’ची अर्थरचना : ‘ऑथेल्लो’, एम्पसन आणि मराठी प्रतिशब्दांचा प्रश्न

१

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी मुलास ज्या शब्दांचे अर्थ अगदी आरंभी कळतात त्यांत ‘ऑनेस्ट’ हा एक आहे. ‘ऑनेस्ट’ म्हणजे प्रामाणिक, हे समीकरण एकदा पाठ झाले की त्या शब्दासाठी पुन्हा कोश उघडण्याची वेळ सहसा येत नाही. ‘संस्कृती’, ‘निसर्ग’, ‘वर्ग’ यांसारख्या संज्ञांविषयी तौलनिक अभ्यासक सावध असतो, कारण त्यांच्यामागे विचारप्रणाली उभ्या आहेत हे त्यास ठाऊक असते. रोजच्या वापरातील साध्या विशेषणाविषयी मात्र अशी सावधगिरी क्वचितच बाळगली जाते. प्रस्तुत निबंधात अशा एका विशेषणाची अनेकार्थता तपासावयाची आहे. त्यासाठी शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ हे नाटक निवडले आहे. या नाटकात ‘ऑनेस्ट’ आणि त्याचे भाववाचक नाम मिळून ५२ वेळा येते, अशी गणना विल्यम एम्पसन याने केलेली आहे.

निबंधाचे प्रतिपादन दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा असा की, या नाटकातील शोकात्म घटना ‘ऑनेस्ट’ या शब्दाच्या अंतर्गत रचनेवर बऱ्याच अंशी आधारलेली आहे. पुरुषाविषयीचा एक अर्थ आणि स्त्रीविषयीचा दुसरा अर्थ एकाच ध्वनिरूपात नांदत असल्यामुळेच इयागोचे कारस्थान त्या विशिष्ट पद्धतीने घडू शकते. दुसरा टप्पा मराठीशी संबंधित आहे. मराठीत या शब्दास एक प्रतिशब्द नाही, किमान चार आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकाची स्वतःची रचना आहे. म्हणून भाषांतरात काय हरवले एवढेच विचारून थांबणे अपुरे ठरते. कोणता प्रतिशब्द कोणते नाटक निर्माण करतो, हा अधिक फलदायी प्रश्न आहे.

२

‘ऑनेस्ट’चे मूळ लॅटिन ‘होनेस्टुस’ या शब्दात आहे आणि त्याच्या मुळाशी ‘होनोस’, म्हणजे मान, सन्मान, पद, ही कल्पना आहे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत आला तेव्हा त्याचा मुख्य अर्थ ‘मानास पात्र, प्रतिष्ठित’ असा होता. म्हणजे आरंभी तो बाह्य स्थानाचा निदर्शक होता; अंतःकरणाच्या गुणाशी त्याचा संबंध दुय्यम होता. स्त्रीच्या बाबतीत हा मान तिच्या शरीरशुद्धतेवर अवलंबून मानला गेल्याने स्त्रीसाठी ‘ऑनेस्ट’ म्हणजे शीलवती, असा अर्थ स्थिर झाला. पुरुषाच्या बाबतीत शब्द हळूहळू वेगळ्या दिशेने सरकला. खोटे न बोलणारा, चोरी न करणारा, दिलेला शब्द पाळणारा हा अर्थ बळावत गेला आणि आज तोच मुख्य आहे. मानाचा मूळ अर्थ ‘ऑनर’ या सख्ख्या भावंडाकडे राहिला. एकाच कुळातील दोन शब्दांपैकी एक दरबारात राहिला आणि दुसरा बाजारात उतरला.

बाजारात उतरलेल्या या शब्दास आणखी दोन छटा प्राप्त झाल्या. वरच्या दर्जाच्या माणसाने खालच्या दर्जाच्या माणसाविषयी काढलेला कृपादर्शक उद्गार ही त्यांतील पहिली. ‘भला माणूस आहे बिचारा’ असे म्हणताना आपण जी पाठ थोपटतो, तीत स्तुतीबरोबर अंतरही राखलेले असते. दुसरी छटा बरोबरीच्या पुरुषांतील आहे. मनात एक आणि ओठावर एक असे न ठेवणारा, रांगडा, मद्यपानाच्या बैठकीत आपला वाटणारा, जगाच्या ढोंगीपणास न भुलणारा, असा तो गडी. सभ्यतेच्या औपचारिक नियमांकडे थोडे दुर्लक्ष करणे हे येथे दोष न ठरता गुणाचे लक्षण ठरते. म्हणजे जो शब्द प्रतिष्ठेपासून निघाला तो प्रतिष्ठेची फिकीर न करणाऱ्या माणसापर्यंत येऊन पोहोचला. शेक्सपिअरने ‘ऑथेल्लो’ लिहिले त्या काळात, म्हणजे १६०३-०४ च्या सुमारास, हे सर्व अर्थ एकाच वेळी चलनात होते. नाटकाच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक आहे.

३

अशा शब्दांचा अभ्यास कसा करावा याविषयी विसाव्या शतकातील इंग्रजी समीक्षेत तीन भिन्न भूमिका दिसतात. एम्पसनचा ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’ हा ग्रंथ १९५१ साली, तो पेकिंगमध्ये अध्यापन करीत असताना प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य सिद्धांत असा की, अनेकार्थक शब्दातील दोन अर्थ नुसते शेजारी बसलेले नसतात. त्यांच्यात एक विधान दडलेले असते. शब्द वापरणारा ‘अ हे ब आहे’ असे काहीतरी न बोलता मान्य करून टाकतो. या दडलेल्या विधानास एम्पसन ‘समीकरण’ म्हणतो. सी. एस. लुइस याने ‘स्टडीज इन वर्ड्‌स’ या १९६० च्या ग्रंथात वाचकाच्या बाजूने विचार केला. जुना मजकूर वाचताना आपल्या काळातील प्रचलित अर्थ नकळत पुढे येतो आणि तो तेथे बसतोही. म्हणूनच चूक ध्यानात येत नाही. अशा अर्थास त्याने ‘धोक्याचा अर्थ’ म्हटले. रेमंड विल्यम्सच्या ‘कीवर्ड्‌स’ची पहिली आवृत्ती १९७६ ची आणि विस्तारित आवृत्ती १९८३ ची. त्याला शब्दाचा इतिहास सामाजिक संघर्षाच्या इतिहासाहून वेगळा करावयाचा नव्हता. या ग्रंथाचे परीक्षण एम्पसनने १९७७ साली लिहिले. शब्द माणसाच्या विचारावर सत्ता गाजवतात या कल्पनेविषयी तो साशंक होता; बोलणाऱ्यास निवडीचे काही स्वातंत्र्य उरतेच, असे त्याचे म्हणणे होते.

हे तिन्ही दृष्टिकोण परस्परांस पूरक मानता येतात. तथापि ‘ऑथेल्लो’च्या संदर्भात एम्पसन व विल्यम्स यांच्यातील वाद विशेष बोलका ठरतो. या नाटकात एक पात्र शब्दावर सत्ता गाजवते आणि दुसऱ्या पात्रावर शब्दाची सत्ता चालते. इयागोजवळ एम्पसनला अभिप्रेत असलेले स्वातंत्र्य आहे. ऑथेल्लोजवळ ते नाही. व्हेनिसच्या समाजात बाहेरून आलेल्या या सेनापतीस शब्दाचे सर्व अर्थ आतून माहीत नाहीत, असेही सुचविता येईल.

४

आता नाटकाकडे वळू. ‘ऑनेस्ट’ हा शब्द या नाटकात प्रथम येतो तो इयागोच्याच तोंडून आणि तिरस्काराने. पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात, धन्याची चाकरी इमानेइतबारे करून म्हातारपणी हाकलून दिल्या जाणाऱ्या सेवकांचे तो वर्णन करतो. असल्या ‘ऑनेस्ट’ नोकरांना चाबकाने फोडावे, असा त्याचा शेरा आहे. ज्या शब्दाने पुढे सारे जग त्याला गौरविणार आहे त्याविषयीचे त्याचे मत प्रेक्षकास आधीच कळून चुकते. लेफ्टनंटचे पद कॅसिओला मिळाले. इयागो निशाणबरदारच राहिला. पदाऐवजी त्याच्या पदरी पडते ते हे विशेषण. त्यातील कृपादर्शक छटा त्याला झोंबते हे एम्पसनने दाखवून दिले आहे आणि हे निरीक्षण इयागोच्या हेतुशून्य दुष्टपणाविषयीच्या जुन्या चर्चेला नवे वळण देणारे आहे.

त्याच अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो डेस्डिमोनाला इयागोच्या स्वाधीन करतो तेव्हा त्याला ‘ऑनेस्ट’ म्हणून हाक मारतो. त्यानंतर हे विशेषण त्याच्या नावास चिकटून बसते. प्रवेशाच्या शेवटी इयागो एकटा असताना म्हणतो की हा मूर मोकळ्या स्वभावाचा आहे आणि वरून ‘ऑनेस्ट’ दिसणाऱ्यांना तो खरेच तसे समजतो. दुसऱ्या अंकात कॅसिओ, ज्याचा इयागोने नुकताच घात केला आहे, तोही निरोप घेताना त्याला याच विशेषणाने संबोधतो. कॅसिओच्या उद्गारात मैत्री आहे. ऑथेल्लोच्या उद्गारात धन्याचा विश्वास आहे. शब्द एक, छटा दोन.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश हा या शब्दाच्या कारकिर्दीचा मध्यबिंदू आहे. ऑथेल्लो कॅसिओविषयी विचारतो, तो ‘ऑनेस्ट’ नाही काय? इयागो उत्तर न देता तोच शब्द प्रश्नार्थक करून परत करतो. ऑथेल्लो पुन्हा तो उच्चारतो. काही क्षणांत शब्द अनेकदा इकडून तिकडे जातो आणि प्रत्येक फेरीत त्यातील निश्चिती थोडी कमी होते. इयागोने कोणताही आरोप केलेला नाही. फक्त एका परिचित शब्दाला प्रश्नचिन्ह जोडले आहे. यानंतर लवकरच ऑथेल्लो म्हणतो की डेस्डिमोना ‘ऑनेस्ट’ आहे यावाचून दुसरे मला वाटत नाही. येथे शब्दाने उडी घेतली आहे. कॅसिओच्या संदर्भात त्याचा अर्थ विश्वासार्ह असा होता. डेस्डिमोनाच्या संदर्भात तो शीलवती असा होतो. ऑथेल्लोला ही उडी जाणवत नाही, कारण ध्वनी बदललेला नाही.

प्रवेशाच्या उत्तरार्धात ऑथेल्लो इयागोचा गळा धरून डोळ्यांस दिसेल असा पुरावा मागतो. इयागो दुखावल्याचे सोंग करतो आणि सरळ व ‘ऑनेस्ट’ राहणे या जगात सुरक्षित नाही, असे म्हणून निघून जाऊ लागतो. त्यावर ऑथेल्लोची जी द्विधा व्यक्त होते तिची शब्दयोजना लक्षणीय आहे. पत्नी ‘ऑनेस्ट’ आहे असेही वाटते आणि नाही असेही वाटते. इयागो ‘जस्ट’ आहे असेही वाटते आणि नाही असेही वाटते. ज्या विशेषणावर आतापर्यंत इयागोचा हक्क होता ते येथे पत्नीकडे गेले आहे आणि इयागोसाठी ऑथेल्लोला दुसरे विशेषण शोधावे लागले आहे. जणू दोघांना एकाच वेळी पुरेल इतका तो शब्द रुंद नाही. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात कॅसिओ मारला गेला असे समजून ऑथेल्लो इयागोला ‘ऑनेस्ट’ आणि ‘जस्ट’ ही दोन्ही विशेषणे एकदम बहाल करतो. तोपर्यंत डेस्डिमोनाचा निकाल त्याच्या मनात लागलेला असतो.

शब्दाचा स्त्रीविषयक अर्थ एम्पसनने टाळलेला नाही. परंतु त्याचे मुख्य लक्ष इयागोवर आहे. या अर्थाचे वजन त्याने दिले त्याहून अधिक आहे, असे मला वाटते. त्याची साक्ष नाटकातील तिन्ही स्त्रिया देतात. चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात एमिलिया आपल्या धनिणीच्या शीलाविषयी पैज लावण्याची तयारी दर्शविते, आणि डेस्डिमोना पतीने आपणांस ‘ऑनेस्ट’ मानावे एवढीच आशा व्यक्त करते. सर्वांत महत्त्वाची साक्ष मात्र बियांकाची आहे. पाचव्या अंकात एमिलिया तिला वेश्या म्हणून हिणवते तेव्हा ती उत्तरते की मला शिव्या देणाऱ्या तुझ्याइतकेच माझे जगणेही ‘ऑनेस्ट’ आहे. बियांका येथे शब्दाचा पुरुषांसाठी राखलेला अर्थ स्त्रीसाठी मागत आहे, असे वाचता येते. मी लपवाछपवी करीत नाही, जी आहे ती आहे, हा ‘रांगड्या गड्या’चा अर्थ स्त्रीने स्वतःस लावताच तो हास्यास्पद वाटावा, अशी त्या समाजाची भाषाव्यवस्था आहे. इयागोला त्या अर्थाचा लाभ फुकट मिळतो. बियांकाला तो मागूनही मिळत नाही.

शेवटी, डेस्डिमोनाचा खून झाल्यावर ऑथेल्लोची तलवार काढून घेतली जाते तेव्हा तो ‘ऑनर’ आणि ‘ऑनेस्टी’ ही दोन्ही भावंडे एका वाक्यात आणतो आणि दुसरी गेल्यावर पहिलीने मागे का राहावे असा प्रश्न करतो. येथे ‘ऑनेस्टी’ कोणाची? डेस्डिमोनाची, की त्याची स्वतःची, की ज्या जगावर त्याने भरवसा ठेवला त्याची? शब्दाच्या सर्व शाखा या एका जागी येऊन मिळतात. लॅटिन मुळापासून दुरावलेले दोन शब्द पुन्हा समोरासमोर येतात, तेही सर्वनाशाच्या क्षणी.

५

या विश्लेषणास संस्कृत काव्यशास्त्राचा आधार कितपत घेता येईल? अनेकार्थक शब्दाचा प्रस्तुत अर्थ कशाने ठरतो, याची सूची भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त दिली आहे आणि मम्मटाने ती ‘काव्यप्रकाशा’त उद्धृत केली आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल असे अनेक नियामक त्या सूचीत आहेत. त्यांतील दोन येथे लक्ष वेधून घेतात. पहिला ‘व्यक्ती’, म्हणजे व्याकरणिक लिंग. संस्कृतात शब्दाच्या लिंगावरून अर्थ निश्चित होऊ शकतो. इंग्रजी विशेषणास लिंगभेद नाही. म्हणून ‘ऑनेस्ट’च्या बाबतीत हे नियमन व्याकरणाकडून समाजाकडे जाते. ज्याच्याविषयी बोलावयाचे ती व्यक्ती पुरुष की स्त्री यावर अर्थ ठरतो, आणि हा नियम कोठेही लिहिलेला नसल्याने तो अधिकच सामर्थ्यवान होतो.

दुसरा नियामक स्वर. मम्मट स्पष्ट करतो की स्वरामुळे होणारा अर्थनिर्णय वेदापुरता आहे, काव्यात तो नाही. तिसऱ्या उल्लासात मात्र आर्थी व्यंजनेचे घटक सांगताना तो वक्ता, बोद्धव्य आणि काकू यांना आरंभीच स्थान देतो. इयागोने परत केलेला प्रश्नार्थक ‘ऑनेस्ट’ हे काकूचे उत्तम उदाहरण ठरावे. शब्द तोच, वाच्यार्थ तोच. उच्चारातील चढाने त्याचा अभाव सूचित झाला आहे.

तरीही येथे एक सीमा मान्य करावी लागते. ‘ऑनेस्ट’मधील अनेकार्थता श्लेषाची नाही. श्लेषात दोन अर्थांचा परस्परसंबंध आवश्यक नसतो. येथे अर्थ एकमेकांतून निघालेले आहेत. तेव्हा ही अवस्था रूढ लक्षणेच्या अधिक जवळची आहे. शिवाय ध्वनिसिद्धांतात व्यंग्यार्थ सहृदयास जाणवतो आणि त्याला आनंद देतो. एम्पसनचे समीकरण बोलणाऱ्याच्याही जाणिवेबाहेर राहू शकते आणि त्याला फसवू शकते. सहृदयाची फसवणूक करणारी व्यंजना ही आनंदवर्धनाच्या चौकटीत सहज बसणारी कल्पना नाही. तौलनिक अभ्यासात दोन परंपरांचे साम्य दाखविण्याची घाई असते. येथे भेद अधिक शिकवितो.

६

‘ऑथेल्लो’ हे मराठीत सर्वप्रथम अवतरलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांपैकी आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ चे, गो. ब. देवलांचे ‘झुंझारराव’ हे रूपांतर १८९० चे, आणि वि. वा. शिरवाडकरांचे ‘ऑथेल्लो’ १९६१ चे. या तीन कृतींचे परीक्षण हा स्वतंत्र विषय आहे. येथे प्रश्न त्याआधीचा आहे. मराठी भाषा स्वतः या शब्दासमोर काय ठेवते?

पहिला प्रतिशब्द ‘प्रामाणिक’. हाच लुइसच्या परिभाषेतील धोक्याचा अर्थ होय, कारण तो आपणांस आपोआप सुचतो. परंतु त्याची व्युत्पत्ती पाहिली असता एक अनपेक्षित लाभ दिसतो. प्रामाणिक म्हणजे प्रमाणावर आधारलेला, प्रमाणास धरून असणारा. न्यायदर्शनातील चार प्रमाणांपैकी शब्दप्रमाण हे आप्ताच्या वचनावर अवलंबून असते, आणि आप्त तो की ज्याने गोष्ट साक्षात जाणली आहे व जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. इयागोला ऑथेल्लो आप्त मानतो. तो प्रत्यक्षाची मागणी करतो. इयागो त्याला रुमालाच्या रूपाने अनुमान देतो आणि कॅसिओच्या कथित झोपेतील बडबडीच्या रूपाने शब्द देतो. चौथ्या अंकात प्रत्यक्षही मिळते, कॅसिओ हसताना दिसतो, पण तो बियांकाविषयी बोलत असतो. ते प्रत्यक्ष म्हणजे भ्रम ठरतो. रुमाल हा तर सदोष हेतू आहे. तो कॅसिओकडे सापडणे हे पत्नीने वचनभंग केला नसतानाही शक्य आहे. नैयायिक अशा हेतूस ‘सव्यभिचार’ म्हणतात. मराठी वाचकास येथे थबकावे लागते: व्यभिचार घडला आहे तो हेतूचा, आणि शिक्षा होते ती पत्नीला. ‘प्रामाणिक इयागो’ या शब्दयोजनेत प्रमाणविचाराची जी उपरोधिक शक्यता आहे ती ‘ऑनेस्ट’मध्ये नाही. भाषांतरात केवळ तोटाच असतो हा समज येथे टिकत नाही.

तोटा मात्र तितकाच खरा आहे. डेस्डिमोनाविषयी ‘प्रामाणिक’ म्हटले तर शीलाचा अर्थ मराठीत निघत नाही. मग ‘पतिव्रता’, ‘शीलवती’, ‘साध्वी’ असे वेगळे शब्द घ्यावे लागतात आणि एका शब्दाची उडी नाहीशी होते. मराठी प्रेक्षकाच्या कानी दोन भिन्न शब्द पडतात. त्यांच्यात स्पर्धा उरत नाही.

दुसरा प्रतिशब्द ‘इमान’ आणि त्यापासून होणारे ‘इमानी’, ‘बेइमान’. मुळातील अरबी शब्दाचा अर्थ श्रद्धा; मराठीत तो निष्ठेकडे झुकला. खाल्ल्या मिठाला जागणारा शिपाई इमानी, आणि कुत्राही इमानी. धन्याच्या तोंडची कृपादर्शक छटा या शब्दात आयती आहे. ‘बेइमान’ हा शब्द शिपायाला लावता येतो, मित्राला लावता येतो आणि पत्नीलाही लावता येतो. म्हणजे पुरुष व स्त्री या दोन्ही बाजू एका ध्वनिरूपात धरण्याचे काम हा शब्द करू शकतो, आणि ‘इमानाने सांगणे’ या प्रयोगात सत्यकथनाचा अंशही आहे. रचनेच्या दृष्टीने तो ‘ऑनेस्ट’च्या बराच जवळ येतो. परंतु इमान नेहमी कोणाशी तरी असते. ‘ऑनेस्ट’ माणूस एकटाही ‘ऑनेस्ट’ असू शकतो. इमानी माणसास धनी लागतो. कोणाचीही पर्वा न करणाऱ्या मोकळ्या गड्याचा अर्थ येथे पूर्णपणे गळतो. आणि पत्नीचे इमान म्हटले की तिचे नाते चाकरीच्या नात्याच्या ओळीत जाऊन बसते. मूळ नाटकातही ते काही अंशी तसेच आहे. मराठी शब्द ते उघडे करतो.

तिसरा ‘अब्रू’. मूळ फारसी शब्दात चेहऱ्याचे तेज, पाणी ही कल्पना आहे. पुरुषाची अब्रू म्हणजे समाजातील नाव. स्त्रीची अब्रू म्हणजे तिचे शील. लॅटिन मुळातील मानाची कल्पना आणि स्त्रीविषयक संकोच या दोन्ही गोष्टी ‘अब्रूदार’मध्ये आहेत, नाही ती फक्त सत्याची. अब्रूदार माणूस खोटे बोलू शकतो, किंबहुना अब्रूसाठीच बोलतो. दुसऱ्या अंकात आपले नाव गेल्याचा शोक करणारा कॅसिओ या शब्दाच्या नाटकात नायकाच्या बरोबरीस येऊन उभा राहील.

चौथा गट ‘सत्’ या धातुसाधिताचा. सत्य आणि सती हे दोन शब्द एकाच मुळातून येतात, ‘सत्त्व’ही तेथलेच. पुरुषाने सत्य पाळावे, स्त्रीने सती राहावे, ही विभागणी या कुळात इतकी जुनी आहे की ‘ऑनेस्ट’मधील विभागणी तिच्यापुढे अलीकडची वाटते. तत्त्वतः हाच सर्वांत जवळचा समांतर आकृतिबंध आहे. अडचण आहे ती भाषेच्या पातळीची. मराठीत हे शब्द पुराणकथेचे आणि कीर्तनाचे वातावरण घेऊन येतात. सत्त्वपरीक्षा म्हटले की हरिश्चंद्र समोर येतो. सायप्रसमधील छावणी, मद्याचे प्याले आणि पहाऱ्यावरील शिपाई दिसेनासे होतात. बोलीतील ‘सच्चा’ हा शब्द ही उंची थोडी खाली आणतो, पण तो मित्रापुरता मर्यादित राहतो.

७

मराठीच्या बाहेर पाहिले असता प्रश्न अधिक व्यापक होतो. भारतीय भाषांची तुलना करताना एक इंग्रजी शब्द शिरोभागी ठेवून त्याखाली निरनिराळ्या भाषांतील प्रतिशब्द लिहिण्याची पद्धत रूढ आहे. ‘ऑनेस्ट’खाली हिंदीत ‘ईमानदार’ येईल, मराठीत ‘प्रामाणिक’ येईल. तक्ता नीटनेटका दिसेल. परंतु ‘प्रामाणिक’ हाच तत्सम शब्द हिंदीत मुख्यत्वे ग्रंथ, दस्तऐवज, माहिती यांच्या अधिकृततेविषयी येतो. गुजराती व कन्नड या शेजारच्या भाषांत मात्र तो मराठीप्रमाणेच माणसाच्या सचोटीविषयी येतो. म्हणजे एका संस्कृत शब्दाच्या अर्थाची सीमारेषा इंडो-आर्यन व द्राविड या कुलभेदावरून जात नाही. ती शेजाराने ठरलेली दिसते. तमिळमधील ‘नेर्मै’ सरळपणाच्या कल्पनेतून येते. बंगालीत ‘सत्’ हा शब्द रोजच्या व्यवहारात सचोटीच्या माणसासाठी वापरला जातो आणि ‘सती’ त्याच्या शेजारीच असते. तेव्हा मराठीत जी रचना पौराणिक पातळीवर राहिली ती बंगालीत जमिनीवर आहे. इंग्रजी शिरोनामाच्या तक्त्यात यांतील एकही गोष्ट दिसत नाही. भारतीय भाषा परस्परांकडे पाहण्याऐवजी सर्व मिळून एका इंग्रजी शब्दाकडे पाहत राहतात, आणि तो शब्दही स्वतः एकसंध नसतो.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. परंतु व्यवहारात त्याचा उपयोग व्हावा. तौलनिक अभ्यासाचे एकक सुटा शब्द नसावे; त्या शब्दातील अर्थांची परस्परांशी असलेली बांधणी हे असावे. कोणते अर्थ एकत्र नांदतात, त्यांपैकी कोणता कोणावर उभा आहे, वक्ता व उद्दिष्ट व्यक्ती बदलताच कोणता पुढे येतो, आणि हे नियम कोणाच्या सोयीचे आहेत, हे प्रश्न दोन्ही भाषांना समान रीतीने विचारले पाहिजेत. ‘ऑथेल्लो’च्या बाबतीत तसे केल्यास ‘प्रामाणिक’ हा शब्द ज्ञानाचे नाटक निर्माण करतो, ‘इमान’ निष्ठेचे, ‘अब्रू’ लौकिकाचे आणि ‘सत्’ कसोटीचे. मूळ इंग्रजी नाटकात हे चारही आहेत, म्हणूनच कोणत्याही एका भाषांतराने त्याची जागा घेणे शक्य नाही. आणि म्हणूनच मराठीत ‘ऑथेल्लो’ पुनःपुन्हा भाषांतरित होणे हा आधीच्या भाषांतरकारांच्या अपयशाचा पुरावा मानण्याचे कारण नाही. भाषांतरकाराने कोणता शब्द निवडला यावर बोट ठेवताना त्या निवडीने कोणते नाटक हाती आले, हे समीक्षकाने आधी सांगितले पाहिजे. तेवढे सांगितल्याशिवाय अचूकतेचा निर्णय देणे हे, मराठी शब्दाच्या मूळ अर्थाने, प्रामाणिक होणार नाही.